ओकांचे श्वास

करामा, दुबई
११ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मनोरमामावशी,

वरदचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? स्टुडिओचा जिना चढताना तुम्हाला मध्येच थांबावं लागतं, असं बाबा नेहमी म्हणायचे, म्हणून विचारतो. इकडे उन्हाळा उतरला आहे. संध्याकाळी लोक आता खाली फिरताना दिसतात. ईश्वरीताई बरी आहे. शैलेंद्रभाऊजींचं ऑफिस नेहमीसारखं चालू आहे. अस्मी सातवीत गेली, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. मी शारजाच्या हमरियाला त्याच मसाल्याच्या कंपनीत आहे, पाकिटांवर छापायची लेबलं तपासतो. बारावी अर्धवट सोडलेल्या माणसाला याहून बरं काम मिळालं नसतं. एखादं अक्षर चुकलं तर पूर्ण कंटेनर परत येईल या भीतीने मी एकेक लेबल बोट ठेवून वाचतो. हे पत्रही आधी कच्चं लिहून मग उतरवलं आहे.

पत्र ऑफिसमधल्या सुजीतच्या हाती पाठवतो आहे. तो सोमवारी मुंबईला पोचेल. व्हॉट्सॲपवर लिहून पाहिलं आणि पुसून टाकलं. फोन केला असता तर आमच्या फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत, ताईने ऐकला असता. तिने ऐकू नये अशी एक विनंती आहे. ती शेवटी लिहितो.

ताई पुढच्या शनिवारी मुंबईला येते आहे. तिथून नाशिकला जाईल. पण त्याआधी तुम्हाला भेटायला तुमच्या घरी येणार आहे. का, ते सांगायचं तर ओकांपासून सुरुवात करावी लागेल.

ओक म्योंग-सिक या कोरियन नटाबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? हिंदीत त्यांना बाबांचा आवाज तुम्हीच दिलात. पण बाबा आणि ओक आमच्या घरी कसे होते, ते तुम्ही पाहिलेलं नाही. डबिंगच्या वेळी तुम्ही काचेच्या पलीकडे असायचात. डोंबिवलीला बाबा कामावरून आले की म्हणायचे, आज ओकांच्या मुलीचं लग्न लावून आलो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलं, कुठले ओक, गुहागरचे का? बाबा म्हणाले, नाही, बुसानचे.

सुरुवातीला तर ओकही कुणी नव्हते. गुंडांच्या त्या सिनेमात ते साहेबाच्या डोक्यावर छत्री धरून उभे असतात, तीन वाक्यं बोलतात आणि मरतात. संध्याकाळी उशीर झाला म्हणून बाकीचे निघून गेले होते आणि उरलेलं काम तुम्ही बाबांना दिलंत. बाबा म्हणायचे, मला मनोरमाने छत्रीवाला दिला आणि छत्रीवाल्याने मला घर दिलं.

मग ती कोळी कुटुंबाची मालिका आली. ओक तीन मुलींचे बाप, चाळिशी उलटून गेलेले, आणि त्यांचा अख्खा देश त्यांना अप्पा म्हणायला लागला. हिंदीत ती दुपारी लागायची. एकदा भाजीवालीकडे बाबांनी दुधी कसा दिला विचारलं, तर ती हातातला तराजू खाली ठेवून बघतच राहिली. ‘तुम्ही ते मासेवाले ना?’ बाबांनी त्या दिवशी दुधी आणलाच नाही, नुसते हसत घरी आले.

त्यातला एक प्रसंग तुम्हाला आठवत असेल. मुलगी विचारते, तुम्ही जेवलात का. घरात एकाच माणसापुरता भात आहे. ओक म्हणतात, जेवलो. बाबांनी ते म्हटलं तेव्हा तुम्ही रेकॉर्डिंग थांबवून विचारलंत, ‘मुरली, हा आधीचा श्वास कुठून आला?’ बाबा म्हणाले, माझा नाही, ओकांचा आहे. तुम्ही मूळ कोरियन पुन्हा लावून ऐकलंत आणि खरंच होता. घरी येऊन बाबांनी आम्हा दोघांना समजावलं होतं, की खरं बोलणारा माणूस छातीत उरलेल्या हवेवर बोलून टाकतो. खोटं बोलायचं असलं की तो आधी नवा श्वास घेतो. तेव्हापासून आमच्या घरात कुणाला खोटं बोलायची सोय राहिली नाही.

पुढे ओकांनी एका कार्यक्रमात दारू पिऊन तरुण दिग्दर्शकाच्या कानाखाली मारली. ती चित्रफीत सगळीकडे फिरली. ओकांनी कॅमेऱ्यासमोर कमरेत वाकून माफी मागितली, पण कामं गेली. बायको सोडून गेली. कुठल्याशा बंदरावर ते माशांच्या रश्श्याचं दुकान चालवू लागले. तिकडे ओक घरी बसले आणि इकडे बाबा. लिफ्टमध्ये ‘दरवाजा बंद हो रहा है’ म्हणायचं काम मिळायचं, एकदा खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीतलं अस्वल मिळालं. आई म्हणायची, दुसऱ्या कुणाचा आवाज द्या की. बाबा म्हणायचे, देतो आहे ना, अस्वलाचा. त्याच वर्षी मी कॉलेज सोडलं. त्याचा दोष मी ओकांना देत नाही, मला परीक्षेच्या हॉलमध्ये घाम फुटायचा.

ओक परत आले ते श्रीमंत घराण्याच्या मालिकेतले ड्रायव्हर म्हणून. पूर्ण भागात दोन वाक्यं. ती तुम्ही दुसऱ्या माणसाला दिलीत. बाबांचा आवाज तोवर फाटायला लागला होता, कंपनीने चाचणीत नापास केला, हे तुम्ही सांगितलं होतंत. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि त्यानंतर चार वर्षं तुमचं नाव काढलं नाही. मालिका मात्र पाहिली. एकदाच बोलले, ओकांच्या तोंडात दुसऱ्याच्या हातचा घास आहे. मावशी, तो आवाज का फाटतो आहे हे तेव्हा आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. ते तुमचं काम नव्हतं, आमचं होतं.

आई गेल्यावर भाऊजींनी व्हिसा केला आणि बाबा इथे आले. फुप्फुसातली गाठ इथेच कळली. तिने घशाकडे जाणारी नस दाबली होती. आवाज पूर्ण गेला, कुजबुज राहिली.

जुलैमध्ये अस्मी मैत्रिणीकडून आली ती फोन नाचवतच. ‘आजोबा, युअर ओक वॉन! बेस्ट ॲक्टर!’ एकाहत्तराव्या वर्षी. भूमिका अर्धांगाने वाचा गेलेल्या होडी दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याची. पूर्ण सिनेमात एक शब्द नाही, नुसते श्वास, उसासे, खोकला. बाबांनी ती बातमी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग माझा दंड धरून कुजबुजले, ‘हे मी करू शकतो.’

पुढचं तुम्हाला माहीत आहे. सिनेमाचं हिंदी डबिंग तुमच्याकडे आहे कळल्यावर मी भीत भीत तुम्हाला लिहिलं. चार वर्षांचा अबोला मध्ये असूनही तुम्ही त्याच दिवशी प्रसंग पाठवलेत. पण आम्ही ते कसं केलं, ते सांगायचं राहिलं.

ऑगस्टमध्ये करामात एसी बंद करणं म्हणजे काय, ते तिथे बसून कळायचं नाही. पण एसी चालू ठेवला तर रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते. म्हणून ताईने कपड्यांचं कपाट निम्मं रिकामं केलं आणि बाबा तिच्या साड्या आणि भाऊजींचे ऑफिसचे शर्ट यांच्या मध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले. हँगरला फोन टांगला. समोर लॅपटॉप धरून अस्मी. ‘यल्ला आजोबा, टेक फोर.’ यल्ला म्हणजे अरबीत चला. मध्ये अजान झाली की थांबायचं, खालच्या हॉटेलचा पंखा सुरू झाला की थांबायचं. बाबांना त्यांचा स्वतःचा खोकला यायचा तो ते दाबून ठेवायचे आणि ओकांना येईल तिथेच सोडायचे. बनियन पिळून निघायचा. इतके खूश मी त्यांना आई असतानाही पाहिले नव्हते.

एका ठिकाणी मात्र त्यांनी आगाऊपणा केला. मुलगी ओकांना पेज भरवते. ओक घोट गिळतात आणि तिच्याकडे बघतात, बस. बाबांनी गिळल्यावर एक बारीकसं ‘हं’ केलं. मी म्हटलं, बाबा, ओकांनी हे केलेलं नाही, पुन्हा घेऊ या. ते म्हणाले, ‘केलं नाही. पण त्यांना करायचं होतं.’ आयुष्यभर ओकांच्या ओठांबाहेर ते कधी गेले नव्हते. मी पुन्हा घेतलं नाही.

मग फोनवर तुमच्या आवाजातला निरोप आला. ‘मुरली, सगळं लावलंय. फार सुंदर झालंय.’ ताई रडली. बाबांनी मला खूण केली, पुन्हा लाव. डोळे मिटून ऐकलं. मग हसले आणि म्हणाले, मनोरमा अजून तशीच आहे. मला वाटलं, आवाजाबद्दल म्हणताहेत.

सिनेमा आम्ही रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून पाहिला. मी पडद्यापेक्षा बाबांकडेच बघत होतो. पेजेच्या प्रसंगाला ताईने त्यांचा हात धरला आणि विचारलं, ‘बाबा, हे तुम्हीच ना?’ बाबांनी एक श्वास घेतला आणि होय म्हणून मान हलवली. मला वाटलं, धाप लागली आहे. संध्याकाळी मी पाय चेपत असताना ते मला म्हणाले, ‘मनोरमाला सांग, एकही श्वास चुकला नाही.’ मी हो म्हटलं. मग त्याच आठवड्यात हॉस्पिटल झालं आणि निरोप राहून गेला.

बाबा सप्टेंबरमध्ये गेले, मावशी. हे वाक्य कुठे लिहावं ते मला कळत नव्हतं. कच्च्या पत्रात ते सगळ्यात वर होतं, पण तिथे ठेवलं तर पुढे काही लिहिता येईना. अग्नी इथेच दिला. डबिंगमधल्या कुणाला कळवू नका, असं त्यांनीच सांगितलं होतं. अजून कुणीतरी मला ओक समजत असेल तर समजू दे, म्हणाले.

तेराव्यानंतरच्या शुक्रवारी मी कामावरून दुपारीच आलो. घरी कुणी नव्हतं. मला बाबा ऐकावेसे वाटले. मी सिनेमा लावून थेट पेजेच्या प्रसंगावर गेलो. तोच घोट, तोच अडकलेला श्वास. मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन खाली बसलो आणि बाबांना म्हणायचं राहिलेलं सगळं तिथेच मोठ्याने म्हणत राहिलो. मग पडद्यावरची मुलगी बोलली, ती कोरियनमध्ये. अस्मीने भाषा बदलून ठेवली होती.

मी ती हिंदी केली आणि प्रसंग मागे नेला. श्वास तसेच होते. दोन्ही भाषांत ओकच श्वास घेत होते. घोट गिळून झाला, मी ‘हं’ची वाट बघितली. ते नव्हतं.

मग मी फोनवर तुमचा निरोप काढून ऐकला. बाबांनी मिटले होते तसे डोळे मिटले. ‘मुरली’ म्हणण्याआधी तुम्ही श्वास घेतला आहे.

मावशी, मी रागावून लिहीत नाही. साड्यांच्या कपाटातलं रेकॉर्डिंग कुठली कंपनी घेईल? तुम्ही लावून बघितलं असणार, भांडलाही असाल. नाहीच झालं तेव्हा ओकांचे मूळ श्वास तसेच ठेवलेत, आणि बाबांना स्वतःच्या जागी दुसरा माणूस ऐकावा लागला नाही. बाबांना हे निरोप ऐकला त्याच दिवशी कळलं होतं. तरी ते हसले, तरी त्यांनी ताईसमोर मान हलवली. त्यांचा निरोप आज पोचवतो आहे. तो शब्दशः खराच आहे. एकही श्वास चुकलेला नाही.

पाकिटात एक पेन ड्राइव्ह आहे. त्यात बाबांचे सगळे टेक आहेत, अस्मीच्या ‘यल्ला’सकट. कुठे लावू नका, फक्त तुमच्याकडे असू द्या. पेजेचा टेक एकदा ऐका. वाचलं, की ओकांना आता नवीन मालिका मिळाली आहे आणि तिच्यात ते भरपूर बोलतात. तिच्यातला ओकांचा आवाज कुणालाही द्या. जो कुणी तो करेल त्याला हा टेक ऐकवलात तर मला आवडेल, पण आग्रह नाही.

आता विनंती. ताई रोज सकाळी कुकर लावताना टीव्हीवर तो प्रसंग लावते आणि स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवते. शिट्टी व्हायच्या आत प्रसंग संपतो. अस्मीने वर्गात सांगितलं आहे, की ते माझे आजोबा आहेत. ताई अस्थी घेऊन नाशिकला निघाली आहे, पण त्याआधी तिला तुमचे आभार मानायचे आहेत. ती तुम्हाला विचारेल, बाबांचा कुठला टेक घेतलात. नक्की विचारेल.

आणि तिचे कान बाबांचे आहेत. मी हमरियाहून फोनवर ‘जेवलो’ म्हटलं तरी ती म्हणते, खोटं. सिनेमात तिला कळलं नाही, कारण ते श्वास खरे आहेत. तुमच्या तोंडून मात्र कळेल.

शनिवारी दुपारी बेल वाजेल. श्वास आधीच भरून घ्या, मावशी, आणि मगच दार उघडा.

तुमच्या मुरलीचा,
वरद