निळ्या झाकणाचा ड्रम

३ मार्च
नाही ओतला ड्रम! भाऊजी भडकले. "झाकण निळं आहे ना? मग ओत." ड्रायक्लिनिंगचं दुकान या मोठ्या दिरांचं, मशीन त्यांचं, आणि अक्कलही सगळी त्यांचीच. आमच्याकडे कपडे धुवायच्या द्रवाचे ड्रम झाकणाच्या रंगावरून ओळखतात. निळं मशीनचं, लाल डाग काढायचं. वीस वर्षं हेच चाललंय. पण या ड्रमवर द्रवाच्या नावाच्या सुरुवातीला 'ट्राय' लिहिलंय. आपल्याला लागतं ते 'टेट्रा'.

४ मार्च
हे मागच्या आठवड्यात पुतणीनं शिकवलं. भाऊजींचीच मुलगी, कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. टेट्रा म्हणजे चार, ट्राय म्हणजे तीन. इंग्रजीनं दोन्ही ग्रीकांकडून उचललेले. "काकू, त्रिकोणातला त्रि आणि हा ट्राय एकाच घराण्यातले." टेट्रा आणि आपला चारसुद्धा लांबचे चुलतभाऊ म्हणे — तोंडवळा जराही जुळत नाही! द्रवात क्लोरीन तीन की चार, ते हा शब्द सांगतो. फरक एकाचा, पण ट्रायमध्ये काही अस्तरांचा रंग सुटतो.
मला इतका आनंद झाला! आजवर इंग्रजी लेबल दिसलं की मी मान खाली घालायचे. निघाले आपलेच पाहुणे.

५ मार्च
"नववी नापास बाई मला शिकवणार!" — भाऊजी, गिऱ्हाइकांसमोर. म्हटलं, "नापास इतिहासात झाले होते. आकडे येतात मला." तर म्हणे, उद्यापासून येऊ नकोस. नवरा गेल्यापासून माझं पोट याच दुकानावर आहे. भीती वाटते. तरी जाणार.

६ मार्च
गेले. मशीनसमोर स्टूल टाकून बसले. दिवसभर कुणाला ड्रमला हात लावू दिला नाही.

७ मार्च
आज भाऊजींच्या देखत बाटलीत थोडा द्रव घेतला, त्यात जुन्या लाल अस्तराची चिंधी टाकली. दहा मिनिटांत द्रव लाल. मग त्यांनीच ड्रमवाल्याला फोन लावला. तो म्हणतो, झाकणं संपली होती, हाताला आलं ते लावलं, महिनाभर असंच चाललंय.
भाऊजी म्हणाले, "यापुढे ड्रम तूच उतरवून घे." जिंकले!

९ मार्च
मागच्या दारचे रिकामे ड्रम वाचले. गेल्या महिन्यातल्या एकावर 'ट्राय' आहे. त्याच आठवड्यात एका कोटाच्या अस्तराचा रंग सुटला होता. इस्त्री जास्त तापवली म्हणत भाऊजींनी इस्त्रीवाल्या मावशींना कामावरून काढलं. त्या रडून सांगत होत्या, मी नाही हो.
तो ड्रम मी ओतला होता. झाकण बघून.