पडद्यामागची खोली

दादा,

‘सप्रेम’ लिहायला हात धजत नाही. हे पत्र तुला पाठवणारही नाही, तुझ्या वकिलाच्या हाती आणखी एक कागद कशाला?

आज माझा दावा बसल्या जागी फेटाळला. दुकानाच्या वाटणीचा निकाल मागेच लागलाय, मागची खोली तेव्हाच मागायला हवी होती, आता पुन्हा दावा चालणार नाही, म्हणे. मुद्दा तुझ्याच वकिलाने काढला. तू खुशाल मोबाइल बघत होतास.

अरे, त्या खोलीत आई अंथरुणाला खिळली होती! माझ्या दारात येऊन कोण रडलं होतं? “अगं, आई आहे तोवर खोलीचं नाव काढू नकोस. नंतर आपसात बघू.” मी गाढवासारखं ऐकलं. कोर्टाचा माणूस दुकान मोजायला आला, तेव्हा त्याची टेप मी पडद्यापाशीच थांबवली. आतून आईने विचारलं, “कोण आलंय गं?”

“गिऱ्हाईक,” मी म्हटलं.

आज न्यायाधीशांनी विचारलं, “तेव्हाच का नाही मागितली?” उत्तर तुलाही ठाऊक होतं. तू मान वर केली नाहीस.

ठेव ती खोली. आईचा चष्मा तेवढा दे. तोही मी तेव्हा मागितला नव्हता. ती लावत होती.

तुझी,
अजूनही धाकटीच