माझे कल्चर

धरमपेठ, नागपूर
ता. १४ नोव्हेंबर १९७६, रविवार

आज नळ सात वाजता आला. अंघोळ केली, जेवलो. दुपारी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चारुशीलेकडे जाऊन आलो, मग हे पत्र लिहायला बसलो.

तीर्थस्वरूप सत्यवतीअक्का यांस गिरिधरचा नमस्कार. गुडघा कसा आहे? अनंतची आई कौसल्या गेल्यावर तेरा दिवस तुम्ही त्याच दुखऱ्या गुडघ्याने माझे घर सांभाळले. तोंडाने बोलणे मला जमले नाही, म्हणून आधी लिहितो. तुमचे उपकार आहेत.

अनंतने मला येथे आणून सात महिने झाले. सूनबाई लतिका फार जपते. अंघोळीच्या बादलीत झाकणभर डेटॉल, बाहेरून आलो की साबण, जेवणाआधी साबण (नंतर तर असतोच). तीस वर्षे पोस्टात शाईने काळे झालेले हात आता नवरदेवाचे वाटतात. तक्रार नाही.

चारुशीला मेडिकल कॉलेजात जंतूंचा अभ्यास करते. खेड्यातून शहरात आलेल्या माणसाच्या कातडीवरचे जंतू कसे बदलतात, हा तिचा विषय. मी आलो त्याच दिवशी तिने माझ्या हातावर कापूस फिरवून नेला (लतिका साबण आणायला आत गेली होती तेवढ्यात). चार दिवसांनी जिन्यात सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, तुमचं कल्चर तर आमच्यापेक्षा लय रिच निघालं नं!" मी संकोचलो. आपल्या घरचे वळण चांगलेच, पण असे जिन्यात? घरी सांगितले आणि सगळे श्रेय कौसल्येला दिले. अनंत हसून हसून खाटेवर आडवा. "बाबा, ती जंतूंबद्दल बोलून राहिली! काचेच्या ताटलीत वाढवतात, त्याले कल्चर म्हणतात!"

आज तिने दुसऱ्या वेळची ताटली दाखवली. पहिलीचे चित्र तिच्या वहीत आहे, रांगोळी सांडल्यासारखे रंगीत ठिपके. या खेपेस मोजके पांढरे. "शहरात राहून राहिले नं तुम्ही," म्हणाली. मातीचे गेले, गोठ्याचे गेले. एका घरात राहणाऱ्यांचे जंतू एकमेकांच्या अंगावर असतात, हेही तिने सहज सांगितले. मी विचारले, पहिल्या ताटलीत कौसल्येचे होते का? तिने ताटलीवर झाकण ठेवले. "असतील नं, काका." त्या पोरीचेही उपकार.

बाकी क्षेम.

आपला
गिरिधर

ता. क. कौसल्येची गोधडी तुमच्याकडे राहिली आहे, ती पाठवाल का? धुऊ नका. पार्सलावर 'कुरडया' लिहा. लतिका कुरडयांना ऊन दाखवते, डेटॉल नाही.

आणखी एक. चारुशीला म्हणते, इतक्या महिन्यांनी गोधडीत जिवंत काही उरले नसेल. तरी पाठवा.

शेवटचे. अनंत आणि लतिका बाजारात गेले आहेत, गोंद सापडत नाही. तीस वर्षे पोस्टाच्या खिडकीतून पाकिटे चाटणाऱ्या लोकांवर ओरडलो, "जीभ लावू नका!" आता हे पत्र जिभेनेच चिकटवतो.