नारिनच्या कचेरीत घेतलेलं नाव

प्रिय गुलसुमच्या बाबा,

व्यापारी बख्तियार पिठाची पोती घेऊन मुर्गाब गावावरून तुमच्याकडे वर पामीरला चढणार आहे. खिंड मोकळी असली तर हे पत्र महिन्याभरात हातात पडेल. एकट्यानंच वाचा. मुल्लाकडे वाचायला देऊ नका, आणि आईंनी कितीही विचारलं तरी सगळं सांगू नका. मला अक्षरं तुम्हीच शिकवलीत, तेव्हा चुका तुमच्याच समजा.

आधी चांगलं सांगते. गुलसुमचं ऑपरेशन झालं. काळजाला भोक होतं, ते राजधानीतल्या मोठ्या दवाखान्यात बुजवलं. आता पोरगी चार मजले एका दमात चढते. पूर्वी प्रत्येक वळणावर बसायची आणि ओठ निळे पडायचे. वरती पामीरला असताना आपण म्हणायचो, हवाच विरळ आहे. तिच्याआधीची तीन लेकरं पुरली तेव्हाही हेच म्हणालो. मी डॉक्टरांना विचारलं, त्या तिघांनाही असंच होतं का हो? ते म्हणाले, "बाई, आता ते कसं सांगणार?"

ते ऐकल्यापासून मला फार थकवा आलाय. ऑपरेशनची धावपळ संपली की झोप लागेल वाटलं होतं, पण आता बसले की उठवत नाही. शाळेच्या खानावळीत कणीक मळते, दोनशे मुलांच्या रोट्या असतात. तिथल्या बायका बऱ्या आहेत, पण माझ्या बोलण्याला हसतात. "अगं, तू तर आमच्या पणजीसारखं बोलतेस!" म्हणतात. बोली एकच, सात पिढ्यांची नावं मोजली तर कुठेतरी आपण एकाच घरचे निघू. तरी ते इथले आणि आपण अफगाण मुलखातून आलेले परके.

हे परकेपण पुसायला अडीच वर्षं गेली. तुम्ही पहिले चार महिने पाहिलेत, पुढचं नाही. इथे नारिन शहराच्या कचेरीत, जिथे राहण्याचे कागद करतात, नुरजामाल नावाची बाई बसते. स्वभावानं चांगली आहे, पण तिच्यापुढे कागद आला की तीही कागदच होते. जन्मतारीख विचारली. मी म्हटलं, मोठ्या बर्फात मेंढ्या मेल्या त्याच्या पुढच्या वसंतात. ती म्हणाली, "ताई, एवढं मावत नाही हो इथे." मग तिनंच एक जानेवारी टाकली. आपल्या सगळ्यांचाच जन्म एक जानेवारीचा झालाय. आपल्याबरोबर आलेले म्हातारे जुमाबाय म्हणतात, "त्या दिवशी पामीरवर सुइणीचे काय हाल झाले असतील!" तेवढंच काय ते हसलो.

तुम्ही परत पामीरला गेलात त्याचा मला राग नाही, हे खरं माना. उंच खिंडीत याकांच्या मागे पळणारा माणूस इथे दुसऱ्या मजल्यावर बसून धापा टाकायचा, ते मी पाहिलंय. कोळसा उपसून यायचात आणि गॅलरीत उभे राहायचात. "या भिंती माझ्या छातीवर बसतात गं," म्हणालात. याक विकून वसंतात परत येतो, असं सांगून गेलात. वसंत आला, तेव्हा बख्तियारकडून निरोप आला की याकांच्या माद्या व्यायल्या की बघू. दुसऱ्या वसंतात निरोपच आला नाही. बायका विचारायच्या, "आले का गं?" मी म्हणायची, रस्ता बंद आहे.

गेल्या शरदात डॉक्टरांनी सांगितलं की थांबलात तर पोर हातची जाईल. मोठ्या दवाखान्यात नंबर लावायचा तर मुलीचा इथे राहण्याचा कागद हवा. तो कागद हवा तर बापाची सही हवी. बाप कुठे आहे? तिकडे टपाल नाही, फोन नाही, आणि खिंडीत बर्फ पडलेलं. नुरजामाल म्हणाली, "ताई, सही आणा, नाहीतर ते नाहीत असं लिहून द्या. तिसरा रस्ता माझ्याकडे नाही."

म्हणून हे पत्र लिहितेय. लग्नाला पंधरा वर्षं झाली, तुमचं नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी कचेरीत, चार माणसांसमोर, पहिल्यांदा घेतलं. तुर्दीआखुन, म्हटलं, वय अंदाजे चाळीस, खिंडीत हिमाखाली गेले. जुमाबाय साक्षीला होते. आदल्या दिवशी "अल्लापुढे काय सांगू?" म्हणत होते, पण गुलसुमचे ओठ बघून त्यांनी अंगठा उठवला. माझ्या कागदावर आता विधवा लिहिलंय. इमारतीतल्या बायका मयताच्या नावानं कणकेचे बोरसोक तळून घेऊन आल्या, तुमच्या नावानं कुराण वाचलं गेलं, आणि मी रडले. ते रडणं खोटं नव्हतं. गुलसुमला खरं माहीत आहे. शाळेत कुणी बाबांचं विचारलं की मान खाली घालते. नऊ वर्षांच्या पोरीला मी हे शिकवलं. आता तुम्ही इथे आलात तर माझं खोटं उघडं पडेल आणि कदाचित तिचा कागदही जाईल, म्हणून ज्या माणसाची दोन वसंत वाट पाहिली त्याला येऊ नका असं लिहितेय. आईंना आता पाण्याच्या खेपा झेपत नसतील. दुसरी बायको करा. माझी हरकत नाही, आणि असायचा हक्कही उरलेला नाही. मला माफ करायला जमलं तर चिठ्ठी पाठवू नका, तुमच्या अक्षराचा कागद मला घरात ठेवता येणार नाही. बख्तियारला तोंडी एवढंच सांगा, की पीठ मिळालं. मी समजेन.

तुमचीच,
ओरुनबीबी