कै. कुंदाबाई आकाशपाळण्यात बसल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब (सवलत व सुरक्षा),
गिरणाई करमणूक उद्यान, जळगाव.

विषय : गेटवरील कर्मचारी श्री. झुलाल पाटील यांना कामावरून कमी न करणेबाबत.
संदर्भ : खुलासा मागणारे आपले पत्र, गेल्या सोमवारी पोहोचले.

महोदय,

मी खाली सही करणार, राहणार जामनेर, धंदा केळीची शेती. ट्रॅक्टर अंगावर उलटल्यापासून माझे दोन्ही पाय कामातून गेले आहेत. कुबड्यांवर चालतो, पायऱ्या चढता येत नाहीत. आपल्या उद्यानाचे दिव्यांग सवलत कार्ड माझ्याकडे असून त्यावर सोबती म्हणून माझी पत्नी कुंदाबाई हिचे नाव आहे. ती गेल्या मार्गशीर्षात वारली.

२. सोबतीचे नाव बदलून मिळावे म्हणून मृत्यूचा दाखला मीच अर्जाला जोडला. त्यावरून आपल्या लक्षात आले की, वारल्यानंतर महिन्याभराने कुंदाबाई उद्यानात आल्याची नोंद गेटच्या रजिस्टरला आहे. "मयत व्यक्तीने आकाशपाळण्यात बसून सवलतीचा लाभ घेतल्याचे दिसून येते," असे आपले शब्द आहेत. नोंद श्री. झुलाल यांच्या अक्षरात आहे आणि ती खोटी ठरल्यास त्यांना काढणार, असे आपण कळवले आहे.

३. त्या दिवशी मी एकटाच आलो होतो. का आलो ते नीट सांगता येत नाही. एसटीत बसलो आणि आलो. झुलाल हे मूळचे सोनगीरचे, बोली अहिराणी; त्यांनी विचारले, "आबा, तुमना संगे कोण शे?" मी म्हणालो, "कुंदाबाई." दवाखान्यात, बँकेत, कचेरीत मला हाच प्रश्न विचारतात आणि उत्तर नेहमी तेच होते. ते तोंडातून निघून गेले. बाई मागून येत असतील असे समजून त्यांनी लिहून घेतले. बऱ्याच वेळाने ते माझ्या बाकाजवळ चौकशीला आले, तेव्हा मी खरे ते सांगितले. ते शेजारी बसले. मग म्हणाले, "पाळणामा बसनं शे का?"

४. येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. पाळण्यात बसायचे होते ते कुंदाबाईला. नात भाविका हिला घेऊन आम्ही येत असू, तेव्हा कुंदाबाई माझ्याजवळ बाकावर बसून राही, कारण सोबत्याने दिव्यांगास सोडून जाऊ नये असा आपला नियम आहे. आपली माणसे मला उचलून पाळण्यात बसवायला तयार होती. मी नको म्हणे. बायकोने काखेत हात घातला तर चाले, परक्याने चारचौघांत पोत्यासारखे उचलणे मला पटत नसे. त्यामुळे ती एकदाही बसली नाही. याबद्दल उद्यानाकडे माझी काही तक्रार नाही.

"मना खांदावर हात ठेवा," म्हणत झुलाल यांनी मला उचलले. मी उचलू दिले. लाज वाटेल असे वाटले होते, वाटली नाही. वर गेल्यावरही काही वाटले नाही. रस्त्यावरचे ट्रक दिसले. ती गेल्यापासून मला रडू आलेले नाही, तिथेही आले नाही. मात्र खाली उतरवताना झुलाल यांनी मला दाखवले की, पाळण्यातला बाक रुंद असूनही मी अगदी कडेला चिकटून बसलो होतो आणि बाकीची जागा मोकळी ठेवली होती.

५. आपल्या पत्राप्रमाणे पर्याय दोनच आहेत. बाई हजर नव्हत्या, म्हणजे नोंद खोटी. हजर होत्या, म्हणजे दाखला खोटा. दाखला खरा आहे. खुर्चीवर बसून अग्नी मीच दिला. तरीही मी शुद्धीवर राहून, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देतो की, त्या दिवशी कुंदाबाई माझ्यासोबत होती. नोंद बरोबर आहे. सबब झुलाल यांना कामावर ठेवावे. नाव बदलण्याचा माझा अर्ज मी मागे घेत आहे. कार्ड रद्द करायचे असल्यास करावे, नाव तेच राहू द्यावे.

आपला नम्र खुलासेदार,
(सही)
लीलाधर मोतीलाल नेहेते
जामनेर, दि. ३ मार्च २०२५

जोडले आहे : सवलत कार्ड (मूळ). मृत्यूचा दाखला आपल्याकडेच आहे. आता त्याचे काम नसल्यास परत मिळावा.