दोन सह्यांची शेड

मी, व्हर्लिन एमोस स्टाउफर, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार हॉलो क्रीक टाउनशिप, इंडियाना, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही माझा हात धरलेला नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. फुप्फुसाबद्दल डॉक्टर बोलले आहेत, त्यामुळे लांबवत नाही.

१. शेतजमीन. वडिलांनी ती मला आणि धाकटा भाऊ डॅरल याला निम्मी-निम्मी दिली आणि खाली एक अट घातली: दोघांच्या सह्यांशिवाय या जमिनीत एकही खांब रोवायचा नाही, एकही एकर विकायचा नाही. भाऊ एकत्र राहावेत हा हेतू. आम्ही राहिलो. एकाच टेबलाशी, समोरासमोर.

हार्वेस्टरसाठी खांबांवर पत्र्याची शेड बांधायचे पहिल्याच वर्षी ठरले. माझी जागा ओकच्या झाडांपाशी, टेकाडावर. तिथे पाणी तुंबत नाही, आणि दार पूर्वेला ठेवले की पश्चिमेचा वारा बर्फ आत लोटत नाही. डॅरलला ती रस्त्यालगत हवी होती.

"टेकाडावर वीज कोण नेणार, व्हर्ल? धान्याचा ट्रक चढणार कसा?"

"तुझ्या जागेत मार्चमध्ये बदकं पोहतात, त्याचं काय?"

"भर घालू की."

"भरावाच्या मातीत खांब धरतो होय?"

त्याने सही केली नाही. मीही केली नाही. हार्वेस्टर ताडपत्रीखाली गंजला, आणि त्याच्या जागी आलेलाही.

२. आईने शिवलेली निळी गोधडी नोरीन केलर, फोर्ट वेन, हिला द्यावी. ती माझ्या आणि नोरीनच्या ठरलेल्या लग्नासाठीच शिवली होती. नोरीनला तिकडच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा ती म्हणाली, "तुझा हिस्सा विक आणि चल." मी डॅरलकडे सही मागितली. तो भांडी घासत होता. मागे न वळता म्हणाला, "तू गेलास तर मी भांडू कुणाशी?"

मी हसलो. सही मिळाली नाही. नुसते निघून जायला काय हरकत होती, असे लोक विचारतात. पेरणी तोंडावर आली होती. मग कापणी आली.

३. खांबांचे खड्डे पाडण्याचे गिरमिट शेजारी ग्लेन याट्स याला द्यावे. ते अजून कोरे आहे. ग्लेनचे कुंपण दोनदा आमच्या हद्दीत सरकले आहे. तिसऱ्यांदा खड्डे पाडताना त्याने आधी दोरी बांधावी.

४. एप्रिलमध्ये इस्पितळातून परतताना डॅरलने गाडी टेकाडाखाली थांबवली. बराच वेळ इंजिन चालूच होते.

"बरं, तुझ्या जागेवर बांधू," तो म्हणाला. "सांग, कुठे सही करू?"

मी वर पाहिले. जागा चांगलीच होती. पण मला ती कधी हवी होती, की नुसती त्याची जागा नको होती, ते मला आठवेना.

"थंडी वाजतेय. घरी चल," मी म्हणालो.

म्हणून माझा निम्मा हिस्सा डॅरलला, कोणत्याही अटीशिवाय. विकावा किंवा ठेवावा. बांधायचेच असेल, तर मार्चमध्ये स्वतः उभे राहून पाणी कुठून येते ते पाहावे. रस्त्यापासून किती अंतर सोडायचे ते टाउनशिपला आधी विचारावे. दार आजच्या यंत्राच्या नव्हे, पुढच्या यंत्राच्या उंचीचे ठेवावे. ट्रक वळायला जागा सोडावी. आणि सगळ्यात आधी, एकट्या माणसाला शेड हवी कशाला, याचा विचार करावा. रस्त्यालगत बांधली तरी माझी हरकत नाही. पाणी मात्र शिरेल.

५. देह. वडिलांनी दफनभूमीत चार जागा ओळीने घेऊन ठेवल्या आहेत. माझी रिकामी राहू द्यावी. मला जाळावे, आणि जिथे माझ्या नावावर वीतभरही जमीन नाही अशा कोणत्याही गावी राख न्यावी. ती डॅरलनेच न्यावी. तो आजवर कौंटीबाहेर मुक्कामाला राहिलेला नाही. गाव त्याने निवडावे, चांगलेसे जेवावे, रात्री तिथेच राहावे. परतायची घाई करू नये. शेत कुठे जात नाही.

वरील मजकूर वाचून पाहिला, माझाच आहे.

(सही) व्हर्लिन ए. स्टाउफर

आम्हां दोघांदेखत सही केली:
(सही) लॉइस बेख्टल, टपाल कार्यालय
(सही) मर्विन हॉच, न्हावी

हॉलो क्रीक, ९ जून २०१४