दोन टिंग म्हणजे खुशाल

३ मार्च, रविवार

आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात. आमचे हे तार ऑफिसात होते, फालतू शब्द पाठवायचा नाही हा त्यांचा कायदा. माझी शाळा तिसरीत सुटली. पुढचं लिहायला ह्यांनीच शिकवलं, तेही तारेच्या कोऱ्या फॉर्मवर. म्हणून लिहिणं असं तुटक. वाचणार कोण म्हणा, मीच.

वरच्या मजल्यावरची टाकीवाली आजही पंप चालू ठेवून आत जाऊन बसली. टाकी भरून वाहिली. पाणी माझ्या खिडकीवर, आणि टेलिफोनची तार घरात येते तिथे भिंतीवर डबी आहे, नेमकी तिच्यावर धार. खिडकीतून डोकं काढून बाईचा उद्धार केला.

तेवढ्यात फोन वाजला. टिंग टिंग. बंद.

मुलगा खुशाल आहे. उचलला नाही. नियम आहे.

१० मार्च, रविवार

नियम लिहून ठेवते. मुलगा शिकायला लांब गेला तेव्हा ट्रंक कॉल म्हणजे अर्धा दिवस ऑपरेटरची मनधरणी. पुढे थेट डायल करायची सोय आली तशी ह्यांनी शक्कल काढली. दर रविवारी सकाळी त्याने दोन रिंग द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. दोन म्हणजे खुशाल. आपण उचलायचा नाही. तिसरी वाजली तरच उचलायचा, म्हणजे काहीतरी बिनसलंय.

हे गेले. मुलगा आणखी लांब गेला. उपग्रहाच्या कंपनीत साहेब आहे, सगळ्या जगाला बोलतं करतो म्हणे. मधली काही वर्षं रिंग द्यायचं विसरला. कामं असतात माणसाला. गेल्या वर्षी पुन्हा सुरू केलं, टाकीवाली वर राहायला आली त्याच सुमाराला. तेवढं एकच चांगलं घडलं तेव्हा.

आज पुन्हा टाकी वाहिली, पुन्हा भांडले, पुन्हा टिंग टिंग. पूर्वी रिंग दणक्यात यायची, आता बारीक येते. साहजिक आहे. आवाज लांबून येताना दमतो, म्हणून तारेवर जागोजागी त्याला जोर देणारी यंत्रं बसवतात, हे सांगायचे. आता तर आभाळातून येतो. टिंग म्हणजे पुष्कळ झालं.

१३ मार्च, बुधवार

लेक आली. मला दिलेला मोबाइल कुठाय विचारलं. कपाटात, साड्यांखाली. म्हणाली, आई, अगं तो काय दागिना आहे? म्हटलं, दागिना असता तर अंगावर घातला असता.

दादा दर रविवारी रिंग देतो, असं सांगितलं. ती म्हणाली, मला तर दोन वर्षांत एक मेसेज नाही त्याचा. मी म्हटलं, तुला कुठे नियम माहीत होता? तू तेव्हा फ्रॉक सांभाळत होतीस.

जाताना त्याचा नवा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून गेली. तूच लाव ना, म्हणे. मी नाही लावणार. जो लांब गेला त्याने कळवायचं असतं.

१७ मार्च, रविवार

टिंग टिंग. खुशाल.

टाकीवालीला मात्र आज सोडलं नाही. जिना चढून दारात उभी राहिले. म्हटलं, बाई, तुझी टाकी आहे की धबधबा? ती म्हणाली, आजी, रागावू नका, उद्याच फ्लोट बसवते, टाकी भरली की पाणी आपोआप बंद. म्हटलं, आपोआप बंद होणारं तोंडाला मिळत नाही का कुठे? कोणाच्या, ते मी बोलले नाही.

फ्लोट बसणार. जिंकले.

२४ मार्च, रविवार

टाकी वाहिली नाही. भांडायला काही नव्हतं. सकाळ फार लांबली.

रिंग नाही. सुट्टीला गेला असेल.

३१ मार्च, रविवार

नाही.

मला काही फरक पडत नाही. फोनवरची धूळ पुसली एवढंच. पुसता पुसता रिसीव्हर उचलून पाहिला. आवाज येतोय. खरखर आहे. हे म्हणायचे, पाठवणारा, तार आणि घेणारा, तिघांतला एक बिघडला की निरोप मेला. आणि बहुतेक वेळा दोष तारेचाच. माणसं उगाच एकमेकांवर रागावतात.

तारच आहे. उद्या तक्रार करणार.

१ एप्रिल, सोमवार

टाकीवालीकडून तक्रार लावून घेतली. फोन कंपनीतली पोरगी विचारते, आजी, लँडलाइन अजून वापरता? म्हटलं, तुम्ही अजून नोकरी करता ना? मग.

४ एप्रिल, गुरुवार

लाइनमन आला. उंच, किडकिडीत, शिडीसोबत उभा केला तर शिडी कोणती कळू नये. भिंतीवरची डबी उघडली आणि हसला. आत गंज, जोड हिरवा पडलेला. म्हणाला, आजी, पाणी मुरत होतं इथे. धार पडली की दोन तारा एकमेकींना शिवणार आणि घंटी आपोआप टिंग टिंग करणार. होत होतं का असं कधी?

मी म्हटलं, नाही.

त्याने जुना जोड कापला, नवा केला, वरून चिकट काहीतरी भरून डबी सीलबंद केली. मग बाहेरून स्वतःच्या यंत्रावरून माझा नंबर लावला. फोन काय वाजला! पूर्वीसारखा, घरभर. एक. दोन. मी हात मागे बांधून उभी. तिसरीला शिडीवरून ओरडला, अहो आजी, उचला की!

उचलला. खरखर नाही, काही नाही, जणू कानातच बसलाय. म्हणाला, लाइन एकदम ठणठणीत. आता जगातून कुठूनही कोणीही फोन करू दे, स्पष्ट ऐकू येईल.

चहा दिला. साखर घालायची राहिली. तो निमूट प्यायला.

५ एप्रिल, शुक्रवार

लाइनमनला काही कळत नाही. वय काय त्याचं.

६ एप्रिल, शनिवार

तार ठीक. घेणारी इथे आहे, ऐकू चांगलं येतं.

पुढचं लिहीत नाही. फालतू शब्द.

टाकीवालीला जिन्यात सहज म्हटलं, फ्लोटने पाणी कमी भरतं असं ऐकलंय, काढून टाक हवं तर. ती माझ्याकडे बघतच राहिली. आजी, तुम्हाला बरं आहे ना?

७ एप्रिल, रविवार

खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होते. हात घसरला. तांब्याभर पाणी डबीवर गेलं.

आत येऊन फोनजवळ बसले.

पुन्हा एकदा हात घसरला. या वेळी बादली होती.

काही वाजलं नाही. काम चोख केलंय मेल्याने.